अक्काच्या रानातली इर्जिक

तळेवाडी, ता. जळकोट
४ मे

अक्का, शरणार्थ.

पाकीट बघून घाबरू नकोस, कोणाचं काही झालेलं नाही. तू माझा फोन उचलत नाहीस. काल गुंडप्पा काकांच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. मग म्हटलं लिहू. जळकोटात साधं पाकीट मिळवायला सगळा बाजार हिंडलो. एक दुकानदार म्हणाला, "पत्र लिहायलास? बायको नांदायला येईना का?" त्याच्याशी बोलत बसलो तर त्याचा मेव्हणा माझ्याबरोबर हार्वेस्टरवर होता असं निघालं. मग चहा झाला, आणि पाकीट घ्यायचंच राहिलं. परत गेलो.

तर मी गावी आलोय. विहिरीच्या पायरीवरून घसरून तुझा पाय मोडला हे मला जहिराबादला कळलं. तिथं कलिंगडाच्या ट्रकवर होतो. नांदेडला मावशीकडं येऊन तुला भेटायचं म्हणून उदगीरपर्यंत आलो, नांदेडच्या गाडीत बसलोसुद्धा. मग वाटलं, मागच्या दिवाळीला येतो म्हणून आलो नाही, आता ही प्लास्टर घातलेल्या पायानं मला दारातूनच परत पाठवायची. उतरलो आणि गावाची गाडी धरली. किल्ली नीलम्मा काकूंनी दिली. घर स्वच्छ आहे. मांजराला पिल्लं झालीत, तुझ्या पाट्यावरवंट्याच्या मागं.

रानात जाऊन आलो. अक्का, खरं सांगू का, बांधावर बसून राहिलो. सोयाबीनची, हरभऱ्याची बुडखं तशीच मातीत. वर काड, पाला, वाळलेलं तण, सगळं पांघरूण घातल्यासारखं. शेजारी शिवप्पा मामांचं बहुतेक रान नांगरून उन्हात काळंभोर पडलंय, आणि आपलं हे असं. पारावर शिवप्पा मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय अमरेश, बहिणीच्या रानात रानडुकरं पाळायचीत का?" लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. पाच वर्षं नांगर लागला नाही म्हणतात. अप्पा गेले, बैल गेले, तू सासर सोडून आलेली, एकटी बाई, तुझ्या बोलावण्यावर कोण ट्रॅक्टर घेऊन येणार? आणि मी कुठं होतो, ते तुला माहीतच आहे.

मी एक करून ठेवणार आहे. काय ते सांगत नाही. हे पत्र पोचेपर्यंत झालेलं असेल. पाय जपून ठेव.

तुझा अमरेश

११ मे

अक्का,

तुझं रान नांगरून झालं!

इर्जिक घातली. तू म्हणशील, आता कोण इर्जिकीला येतं? आले! अप्पांच्या वेळी एकमेकांच्या रानात बैलजोड्या घेऊन जायचे, दिवसभर फुकट राबायचे आणि जेवून घरी जायचे, ते मी लहानपणी बघितलेलं. तसंच केलं. मी दारोदार गेलो. म्हटलं, अक्काचा पाय मोडलाय, बाई माणूस, तिचं रान सगळ्यांनी मिळून एकदा उघडून देऊ. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. शिवप्पा मामांनी तंबाखू थुंकून "येतो की" म्हटलं, एवढंच. पण सकाळी ट्रॅक्टरांची रांग पार पाण्याच्या टाकीपर्यंत. गुंडप्पा काका मानाची म्हणून बैलजोडी घेऊन आले, शिंगांना गोंडे बांधून. पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. नीलम्मा काकूंनी बायकांना घेऊन बांधावरच चूल मांडली. गूळ घातलेली गव्हाची हुग्गी, भजी, भात, आमटी. मी वाढायला होतो. शिवप्पा मामांनी हुग्गी परत परत मागून घेतली.

परवा अवकाळी पडून गेला होता, त्यामुळं मातीत नेमकी ओल राहून वाफसा चांगला होता. पलटी नांगर लावला, वरून रोटावेटर. रानात लांबच लांब गादीसारखे उंचवटे होते, कशाचे कोण जाणे, ते मोडून सपाट करायला जरा वेळ लागला. माती मात्र कमाल. ट्रॅक्टरवाला पोरगा म्हणाला, "दादा, नांगर असा चालायलाय जसा लोण्यात चाकू. एवढं पडीक रान आन् असं मऊ?" मी म्हटलं, विश्रांती मिळाली असेल. आणि गांडुळं! नांगरामागं बगळे, साळुंक्या, कावळे, जत्रा भरली होती पाखरांची. मी तेलंगणापासून कर्नाटकापर्यंत इतकी रानं बघितली, एका तासात एवढी गांडुळं कुठं बघितली नाहीत. व्हिडिओ काढलाय, तुला दाखवीन.

आता रान बघशील तर तव्यासारखं काळं आहे. पारावर आज कोणी काही बोललं नाही. उलट एक जण म्हणाला, "भाऊ असावा तर असा." हे मी लिहायला नको, पण लिहितो.

आता तरी फोन उचल.

अमरेश

१५ मे

अक्का,

माझी दोन्ही पत्रं तुला एकदमच मिळाली म्हणे.

काल तू काकांना फोन केलास तेव्हा मी तिथंच जोत्यावर होतो. काकांना कमी ऐकू येतं, ते स्पीकर लावतात. तू विचारलंस, "किती खोल?"

काका म्हणाले, "हातभर, पोरी. चांगलं खोल घातलं. काळजी करू नगस."

तू "बरं" म्हणालीस, आणि फोन बंद झाला. मी काकांना म्हटलं, "बघा, खूश झाली." नीलम्मा काकू भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"खूश?" काकू म्हणाल्या. "अमऱ्या, तू शाळा सोडलास ते ठीक. बघायचं पण सोडलास का?"

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला सांगण्यात अर्थ नाही, तुझंच तुला. पण मी काय ऐकलं ते तुला कळावं म्हणून लिहितो. त्या म्हणाल्या, "त्या पोरीनं पाच वर्षं मातीला नख लावलं न्हाई. ते उंचवटे म्हंजे तिचे गादीवाफे, एकदाच घातलेले, परत मोडायचेच न्हाईत. सोयाबीन निघालं की कुणाला उपटू द्यायची न्हाई. बुडातून कापा म्हणायची. मुळ्या आतच कुजू द्या, कुजल्या की त्यांच्या जागी मातीत नळ्या पडतात, पाणी आत उतरतं. काड वर ऱ्हाऊ द्या, ऊन मातीला लागत न्हाई. तण उपटत न्हवती, कापून तिथंच टाकायची. बी टोकायची हातानं. आम्ही लई हसलो. मागल्या साली तो पाऊस झाला, आमची माती गेली नाल्यात, तिच्या रानातनं निघालं ते पाणी नितळ. तवापासून हसायचं बंद."

मी म्हटलं, "मग काकू, तुम्ही हुग्गी का ढवळलीत? सांगायचं नाही का?"

तेव्हा काका भाकरीवरून हात काढून म्हणाले, "म्या तुला इचारलं होतं, अमरेश. मंजूला इचारलंस का? तू काय म्हणलास?"

अक्का, मागच्या पत्रात हे लिहिलं नव्हतं. मी म्हणालो होतो, "हो, अक्कानंच सांगितलंय." लोक जमले होते, ट्रॅक्टर चालू झाले होते. त्यात काय एवढं असं वाटलं. चांगल्या कामाला विचारायचं काय असतं? आणि काकांनी मानलं. पाच वर्षं ते रान तू करतेस हे सगळ्या गावाला माहीत. तरी नुकत्याच ट्रकवरून उतरलेल्या माझ्या एका शब्दावर सगळे आले. भाऊ म्हणाला म्हटल्यावर झालं.

काकूंनी मला जेवायला वाढलं. भाकरी घशाखाली उतरली, हेच वाईट वाटतंय.

अ.

२ जून

अक्का,

तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस. पण आज जे कळलं ते तुझ्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जाण्याआधी मीच सांगतो.

पुनम, शिवप्पा मामांची धाकटी सून, ती नळावर भेटली. मला बघून घागर तशीच ठेवून म्हणाली, "मंजुक्कानं असं का केलं ओ दादा?" मी म्हटलं, काय केलं? ती म्हणाली, "बचत गटात आम्हाला वर्षभर सांगितलं, ह्या वर्षी एक-एक एकर तरी नांगरू नका, मी आहे तुमच्याबरोबर. आम्ही तिघी तयार झालो. मी सासऱ्यांशी भांडून एकर सोडवून घेतला होता. इर्जिकीहून घरी आले, हात धुतले आन् मला म्हणाले, तुमच्या मास्तरणीनंच पाटी पुसली. आता आपलं बी उद्या घालतो."

बाकी दोघींचं नांगरून झालंय. पुनमचं अजून राहिलंय, कारण ट्रॅक्टरचं काहीतरी बिघडलंय.

मी घागर उचलून तिच्या घरापर्यंत गेलो आणि तसाच शिवप्पा मामांच्या पुढ्यात उभा राहिलो. ते बाजेवर बसून सुपारी कातरत होते. मी म्हटलं, "मामा, अक्कानं सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललो. ती अजूनही नांगरू नका असंच म्हणते."

मामा म्हणाले, "बस. सुपारी घेतोस?"

"नको."

"तवा म्हणलास तिनं सांगितलं. आता म्हणायलास तिनं सांगितलं न्हाई. ह्यातला खरा अमरेश कोणता?"

"आत्ताचा."

"मग त्या आधीच्यानं मला हुग्गी वाढली त्याचं काय करू? ओकू?" आणि मोठ्यानं हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. मागल्या साली तिचं सोयाबीन उभं ऱ्हायलं आन् माझं आडवं झालं, हे म्या बघितलंय. मी आंधळा न्हाई. पर मानायचं कसं? माझ्या बानं, त्याच्या बानं नांगरलं. त्या दिवशी तिच्या रानात नांगर फिरला तवा मला बरं वाटलं, खरं सांगतो. बरं वाटलं."

त्यांना बरं वाटलं म्हणूनच ते परत परत हुग्गी मागत होते. आणि मी वाढत होतो.

बाकी दोघींच्या घरीही गेलो. एकीनं दार लावून घेतलं. दुसरी म्हणाली, जाऊ द्या, आता काय त्याचं. माझी जीभ एवढी चालते, ढाब्यावर अनोळखी माणसाला मी रात्रभर बोलत बसवू शकतो. पण खरं सांगायला गेलो तर कोणाला ऐकायला वेळ नाही. तू ह्यांच्याशी वर्षभर कसं बोललीस?

अमरेश

२६ जून

अक्का,

तू काकांकडं निरोप दिलास, "पेरणीयंत्र घालू नका, टोकणीच करा," तसं केलं. दोरी लावून, काठीनं भोकं पाडून, बोटानं बी टाकत. कंबर गेली. पहिल्या दिवशी दुपारीच मला वाटायला लागलं की बिदरला जाऊन यावं, तिथं एक जण मोटार रिवायंडिंग शिकवतो म्हणाला होता. गेलो नाही. एवढंच सांगायचं होतं, त्याचं काही कौतुक नाही.

बी टाकून झालं आणि ढगफुटीसारखा पाऊस. मी रानातच होतो. पाणी आत जाईना, अक्का. वरच्या वर धावलं. तव्यासारखं काळं रान मी केलं होतं ना, ते चहासारखं होऊन नाल्यात चाललं. मी काकांच्या गोठ्यातली पोती आणून मातीनं भरून आडवी टाकली. पोती पण निघाली. काका छत्री धरून बांधावर उभे होते. नंतर म्हणाले, "चल रे, काय धरतोस." त्यांचा आवाज बरा नव्हता. बैल मानाचे म्हणून आणलेले त्यांचेच.

पुढं कडक ऊन पडलं. माती वरून बसली, पापडासारखी. खाली कोंब आलेले, पण वर निघायला वाट नाही, आतल्या आत वाकडे झालेले. काकू म्हणाल्या, पापडी फोडावी लागंल. औत घातलं तर कोंब मोडतील. मग मी बसून बोटांनीच पापडी उचलतोय. एक तुकडा उचलायचा, खाली पिवळा कोंब मान वाकडी करून असतो. काही उभे राहतात. पुष्कळ मोडतात. मी आयुष्यात एका जागी एवढा वेळ बसलो नव्हतो.

काल पुनम आली. पदर खोचून माझ्या शेजारच्या ओळीत बसली आणि पापडी उचलायला लागली. मी म्हटलं, तुमच्या घरचे? म्हणाली, "सासरे लातूरला गेलेत, दात काढायला." मग म्हणाली, "दादा, माझा कोपरा ऱ्हायलाय."

"कसला कोपरा?"

"शेवटी माझा एकर नांगरायला ट्रॅक्टर आला तवा मी वरडत पळत आले. म्हणलं, त्या कोपऱ्यात नागीण हाय, अंडी घालून बसलीय. सासरे नागाला लई भितात. तेवढा कोपरा सोडला."

"आणि नागीण?"

"मीच की," ती म्हणाली आणि इतकी हसली की तिच्या हातातला कोंब मोडला.

मी तिचा कोपरा बघून आलो. दोन खोल्यांएवढा असेल. मागच्या वर्षीची बुडखं, वर काड, मधून हिरवीगार ताठ रोपं, एकही पापडी नाही. तोच पाऊस, तेच ऊन, बांधापलीकडं. बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत सहज गेलं. तुझं पूर्वी असंच असणार. ट्रॅक्टरवाल्या पोरानं मला सांगितलं होतं की, आणि मी त्याला विश्रांती म्हणालो.

अमरेश

देगलूर
३ ऑगस्ट

अक्का,

आपण एका घरात होतो आणि मला जे बोलायचं होतं ते बोलता आलं नाही, म्हणून परत पत्र.

तू रिक्षातून येणार म्हणून मी सकाळपासून रानात होतो. जेवढे कोंब वाचले होते तेवढ्यांची ओळ नीट केली होती. तुला काय दाखवायचं तेही ठरवलं होतं. रिक्षा आली, आपल्या बांधाजवळ हळू झाली, आणि पुढं गेली. शिवप्पा मामांच्या रानापाशी थांबली. पुनम पळत आली. तू कुबडी घेऊन उतरलीस. त्या कोपऱ्याशी किती तरी वेळ उभी होतीस. कुबडीचं टोक मातीत रुतलं, तेव्हा तू पुनमला ते दाखवलंस आणि तिच्या पाठीवर हात ठेवलास. मी लांबून बघत होतो. तुझ्या रानाकडं तू मान वळवली नाहीस.

नंतर घरी सगळे आले. इर्जिकीला आलेले एकूण एक. मला वाटलं आता तू बोलशील. तू सगळ्यांना चहा दिलास. शिवप्पा मामांनी विचारलं, "मंजू, कशी झाली नांगरट?" काकांनी मान खाली घातली. तू म्हणालीस, "चांगली झाली, मामा. तुम्ही एवढे राबलात माझ्यासाठी, ते मी विसरणार न्हाई." मामांचा कप हातातच राहिला.

ते गेल्यावर मी म्हणालो, "अक्का, तू खरं का नाही सांगितलंस? मी सांगितलं होतं त्यांना."

तू कप विसळत म्हणालीस, "ते मनापासून आले होते. त्यांना मी काय म्हणू? त्यांनी चांगलंच केलं. वाईट तू केलंस."

मी म्हटलं, मी थांबतो. परत वाफे घालू. पाच वर्षं लागली तर पाच वर्षं.

तू म्हणालीस, "वाफे मी घालीन. मला येतं. पण तू समोर असलास की मला दर वेळी तोच दिवस दिसंल. मला राग धरून रानात जायचं न्हाई, अमरेश. तू जा."

रागानं म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. तू मला भाकरी बांधून दिलीस.

अक्का, मी आजवर किती गावांतून निघालो. कोणाला सांगितलं नाही, कोणी थांबवलं नाही, मागं वळून बघितलं नाही. ह्यावेळी पहिल्यांदा कोणी जा म्हणालं आणि पाय निघेनात. स्टँडवर दोन गाड्या सोडल्या. तिसरी देगलूरची होती.

इथं एका पंक्चरच्या दुकानात आहे. मालक तेलुगू बोलतो, मला अर्धं कळतं, अर्धं मी मनानं लावतो. समोरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर जातात. मी नांगराच्या फाळांकडं बघत बसलो की मालक ओरडतो.

सोयाबीन काढणीला तुला माणसं लागतील. पाय अजून धड नसेल. मजूर घाईनं उपटून काढतात, मी बघितलंय. बुडाशी वाकून विळ्यानं कापायला वेळ लागतो, तेवढं मला येईल. रानात नको म्हणालीस तर कापलेलं वाहून नेईन. घरात नको म्हणालीस तर काकांच्या गोठ्यात झोपेन. काढणी झाली की ज्या दिवशी म्हणशील त्या दिवशी परत जाईन.

भाकरी संपली तेव्हाच मी गावाकडं निघणार होतो. पिशवी खांद्याला लावून दुकानाच्या पायरीवर आलो, गाडी पण उभी होती. मग लक्षात आलं की तुला विचारलेलं नाही. पिशवी ठेवली आणि हे लिहायला बसलो.

अक्का, येऊ का?

अमरेश